खिळ्याआधीची सुई

त्यांची आणि माझी ओळख एका नऊ वर्षांच्या मुलीच्या काविळीमुळे झाली. पेणच्या बाजारपेठेतल्या आमच्या रक्त तपासणीच्या छोट्या प्रयोगशाळेत मुलगी स्वतः आली नव्हती, तिचे रक्त तेवढे आले होते. एका वृद्ध गृहस्थांनी सदऱ्याच्या खिशातून नळी काढली, अर्जावर शिक्षकी वळणाच्या अक्षरात ‘चांदणी, वय नऊ, स्त्री’ असे लिहिले आणि ‘उपाशीपोटी की जेवून’ या माझ्या ठरलेल्या प्रश्नाला ‘तिचं खाणं चालूच असतं’ एवढे उत्तर देऊन ते निघून गेले. यंत्रात फिरून नळीतला द्रव वेगळा झाला तेव्हा तो लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता. छापील कागदावर पित्ताच्या आकड्यापुढे यंत्राने लाल बाण काढला.

माझा स्वभाव असा, की दुकानदाराने मागितलेल्या वस्तूऐवजी दुसरीच दिली तर मी ती मुकाट्याने घरी आणते आणि तिचा काही उपयोग होतो का ते पाहते. पण त्या दिवशी मी सगळा धीर गोळा करून अर्जावरचा क्रमांक फिरवला आणि एका दमात सांगितले, की मुलीला आजच्या आज इस्पितळात दाखल करा.

“करतो की,” पलीकडून शांत आवाज आला. “पण ती इथे दाराशी गवत खातेय. आणि बाई, घोड्याच्या रक्तातलं पाणी पिवळंच असतं. तो तिचा आजार नाही, रंग आहे.”

दुसऱ्या दिवशी ते आले ते माफी मागायला नव्हे, माझे अभिनंदन करायला. इतक्या वर्षांत घोडीची काळजी वाटून फोन करणारी पहिली प्रयोगशाळा ही, असे त्यांनी भर दुकानात, चार रुग्णांसमोर जाहीर केले. मी कपाटामागे गेले. निरोगी घोडीचे रक्त तपासायला का आणले, हे मला विचारायचे होते. न विचारताच उत्तर मिळाले. यंत्र माणसांसाठी बनवलेले असते, त्याला माणसांचेच आकडे पाठ असतात, तेव्हा आधी दोन-चार धडधाकट घोड्या त्याला दाखवून ठेवाव्यात, म्हणजे उद्या एखादी आजारी आली तर आपल्याला फरक कळेल. एवढे बोलून त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, कागदावरचे माणसांचे छापील आकडे खोडले आणि बाजूला आपले लिहिले. यंत्राच्या कंपनीला हे कळले असते तर काय वाटले असते, याची मला काळजी वाटली. त्यांना नाही.

ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. निवृत्तीनंतर माणसे पुण्याला मुलाकडे जातात, बागकाम करतात, सकाळच्या फेरफटक्यात देश कसा चालवावा याची चर्चा करतात. डॉक्टरांनी यातले काहीच केले नाही. बायको गेलेली, मुलगी परदेशी. ते रामवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले आणि पूर्वी पगार घेऊन करत ते काम फुकट करू लागले. त्यामुळे त्यांच्याबद्दल गावाला संशय होता.

खोल्यांच्या खाली घरमालकाचा गणपतींचा कारखाना. हमरापूरकडून आलेल्या कच्च्या मूर्तींना इथे रंग लागायचा. सहा महिने जिन्याच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र, डोळ्यांची आखणी न झालेले गणपती रांगेने बसलेले असत. डॉक्टर म्हणत, या घरात तपासण्यासारखे कोणी नाही, कारण कोणाला डोळेच नाहीत. हा विनोद त्यांचा धंदेवाईक होता. भेटलेल्या प्रत्येकाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहणे ही त्यांची नमस्कार करण्याची पद्धत होती. बँकेतला कारकून, भाजीवाली, पालिकेचे सन्माननीय सदस्य, कोणीही त्यातून सुटले नव्हते. पाहून झाले की ते ‘फिका’, ‘बरा’ किंवा ‘लोणचं कमी’ असा निर्णय देत आणि मगच विषयाला हात घालत. अनेक प्रतिष्ठित लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. आपण फिके आहोत हे चौकात कळू नये, अशी प्रतिष्ठितांची स्वाभाविक इच्छा असते.

त्यांची वचने बरीच होती आणि ती ते स्वतःच थोर पुरुषांची असल्यासारखी सांगत. जनावर बोलत नाही म्हणून आपल्याला डॉक्टर म्हणतात, बोलले असते तर आपण कंपाउंडर ठरलो असतो, हे एक. दुसरे यकृताविषयी होते आणि त्यात त्यांचा जीव होता. यकृत हे मध्यमवर्गीय घरातल्या थोरल्या सुनेसारखे असते. तिघींचे काम एकटी करते, कुरकुर करत नाही, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा तक्रार करते त्या दिवशी सगळे म्हणतात, अरे, कालपर्यंत तर बरी होती.

सरकारी नोंदवहीत लक्षण, निदान आणि उपचार असे तीन रकाने असतात. डॉक्टरांनी आपल्या खासगी वहीत लाल पेन्सिलीने चौथा आखला होता, ‘चूक’. ही वही त्यांनी मला एकदा वाचायला दिली. चुकीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘मालक’ होते, काही ठिकाणी ‘पाऊस’, दोन-तीन ठिकाणी ‘खाते’, एका ठिकाणी ‘देव (बहुधा)’ आणि अधूनमधून, त्याच वळणदार अक्षरात, ‘मी’. ज्या खात्यात चूक ही नेहमी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याची असते, तिथे हे गृहस्थ निवृत्तीपर्यंत कसे टिकले याचे मला अजून नवल वाटते.

लग्नसराईत त्यांना आमंत्रणे भरपूर येत, पण ती वधूकडून किंवा वराकडून नव्हे, घोडीकडून. पेणपासून रोह्यापर्यंत वरातीच्या जेवढ्या घोड्या होत्या त्यांच्या मालकांशी डॉक्टरांचा स्नेह होता. ते हॉलच्या मागल्या बाजूने आत जात, घोडीच्या हिरड्या पाहत, खूर पाहत आणि जेवणाच्या पंगतीला न बसता निघत. नवरा मुलगा आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी कोणाच्या पाठीवर बसणार आहे याची चौकशी करणारा त्या हजार माणसांत हा एकटाच असे. बाकीचे ड्रोनकडे पाहत असत.

चांदणी बाळारामची. बाळाराम खारेपाटातला, आधी मिठागरात काम करणारा. मिठागरे ओस पडली तसे त्या भागातले लोक रेती, रिक्षा, कंपनी अशा वाटांनी पांगले. बाळारामने मात्र सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध एक पांढरी घोडी विकत घेतली. घर तिच्यावर चालत होते. त्या वर्षी माघात एका मांडवात चांदणीच्या खुरात खिळा गेला. मांडववाल्यांची अशी परंपरा आहे की मांडव उतरवताना बांबू मोजून न्यायचे आणि खिळे समाजाला अर्पण करायचे. बाळाराम घोडीला घेऊन रामवाडीत आला. डॉक्टरांनी जखम धुतली आणि धनुर्वाताचे सीरम टोचले. त्याच आठवड्यात, त्याच खोक्यातले सीरम, अशाच खिळ्यासाठी, त्यांनी रोह्याच्या एका घोडीलाही टोचले. तिचे नाव बिजली आणि तिचे मालक म्हणजे बँड, मांडव, घोडी आणि आतषबाजी हे सर्व एका छताखाली पुरवणारे शेठ.

हे सीरम दुसऱ्या घोड्यांच्या रक्तापासून बनते. आयते संरक्षण असते ते. खिळा लागून गेल्यावर दुसरा इलाज नसतो, कारण शरीराला स्वतःचे संरक्षण तयार करायला लावणारी लस त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. आणि आपल्याकडे खिळा लागण्याआधी सुई टोचून घेणारा घोडामालक अजून जन्माला यायचा होता. मात्र दुसऱ्याच्या रक्तातून आयते काही घेतले की न मागितलेलेही कधीकधी सोबत येते. अशा सीरमनंतर महिना-दोन महिन्यांनी एखाद्या घोड्याचे यकृत अचानक कोसळते, हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होते. त्यामागे घोड्यांचा एक विषाणू असतो, हे अलीकडे कळले आहे. डॉक्टरांनी ते मोबाइलवर वाचून मला वाचून दाखवले होते. शंभरांत एखाद्याला होत असेल नसेल, असे ते तेव्हा म्हणाले होते, आणि ‘एखादा’ म्हणजे नेहमी दुसऱ्याचा, असेही.

टोचल्यानंतर सातव्या आठवड्यात चांदणीने खाणे सोडले. ती जांभया देऊ लागली. बाळारामची बायको मला नंतर सांगत होती, की घोडी दिवसभर जांभया द्यायची आणि गोठ्याच्या कुडाला कपाळ टेकवून उभी राहायची, जशी परीक्षेत नापास झालेली पोर. पांढऱ्या घोडीच्या नाकावरची गुलाबी कातडी उन्हाने भाजून सोलली होती. शेजाऱ्यांनी एकमताने नजरेचे निदान केले. वडखळच्या वरातीत कोणी एक बाई चांदणीकडे फार वेळ पाहत होती, तिचे नाव कळले नाही, साडीचा रंग मात्र सगळ्यांना आठवत होता.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि ते रक्त घेऊन थेट माझ्याकडे आले. या वेळी अर्जावर त्यांनी वय, लिंग काही लिहिले नाही. मी आकडे काढले. पूर्वीचा निरोगी चांदणीचा कागद माझ्या फायलीत होता. तो मी शेजारी ठेवला. यकृताचा प्रत्येक आकडा तेव्हाच्या कित्येक पट होता. बाण काढून यंत्र दमले असावे.

“माझी सुई,” ते म्हणाले. आणि मग लगेच, “रोह्याला दुसरी आहे.”

त्यांनी तिथूनच शेठना फोन केला. मला एकच बाजू ऐकू येत होती, पण शेठचा आवाज असा की दुसरीही अर्धी येत होती. डॉक्टरांचे म्हणणे होते की बिजलीचे रक्त तपासू द्या आणि तोवर तिला सावलीत बांधा, वरातीला काढू नका. या विकाराने घोडी भेलकांडते, आंधळ्यासारखी धावत सुटते, पाठीवरच्या माणसाचे आणि समोरच्या गर्दीचे काय होईल सांगता येत नाही. शेठचे म्हणणे होते की बिजली ठणठणीत आहे, अक्षय्य तृतीयेपर्यंत तिच्या तारखा दिलेल्या आहेत, आणि घोडीला कावीळ आहे असे एकदा कानोकानी झाले की पुन्हा तिच्यावर नवरा कोण बसवणार? शेवटी त्यांनी डॉक्टरांना प्रेमाने विश्रांती घेण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे माणूस खरे बोलू लागला की लोकांना प्रथम त्याच्या प्रकृतीची काळजी वाटते.

इकडे चांदणीला सावली, गुळाचे पाणी आणि शिरेतून सलाइन असे उपचार चालू झाले. बाळारामने शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर कावीळ उतरवणाऱ्या बाईलाही आणले. त्या बाईंची काड्यांची माळ माणसाच्या डोक्यावर ठेवतात आणि आजार उतरेल तशी ती वाढत गळ्यात, मग छातीवर येते. घोडीच्या मापाची माळ त्यांनी आयुष्यात प्रथमच ओवली. डॉक्टर विरोध करतील असे सर्वांना वाटले होते. ते फक्त म्हणाले, माळ घाला, पण सावलीत घाला. चांदणीने एक जांभई दिली, माळ खाली पडली आणि ती शेळीने खाल्ली. शेळीला कावीळ झाली नाही, हा त्या बाईंच्या हाताचा गुण मानला गेला.

चौथ्या दिवशी दुपारी चांदणी गेली. मी तिथे होते, कारण सकाळचे रक्त न्यायला मला बोलावले होते. बाळाराम तिच्या मानेशी बसला होता. त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. गावातले आठ-दहा जण जमले होते. डॉक्टरांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि सर्वांसमक्ष, एखादा दाखला वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितले, की घोडी नजरेने मेली नाही. मी जे टोचले त्यातून तिला आजार झाला. चूक माझी.

मग बाळारामच त्यांची समजूत घालू लागला.

“डाक्टर, तुमी असा कशाला बोलता? तुमी तर तिला वाचवाला आलता. नजर लागली तिला.”

“नजर नव्हे रे. सुई. माझी सुई.”

“तुमी थकलाव. गो, डाक्टरांना पानी दे.”

बायकोने पाणी आणले. डॉक्टरांनी तांब्या घेतला नाही. मी त्यांना रागावलेले तेव्हा एकदाच पाहिले.

“चाळीस वर्षं जे मी केलं नाही ते माझ्यावर ढकललंत,” ते म्हणाले. “गाय आटली तर मी, म्हैस व्यायली नाही तर मी. आज खरंच मी केलंय, तर ती चूक तेवढी मला घेऊ द्या.”

तरीही कोणी दिली नाही. एका म्हाताऱ्याने तर त्यांच्या पाठीवर हात फिरवून, डॉक्टर फार मनाला लावून घेतात, असे इतरांना सांगितले. ज्या तालुक्यात पुलाला पडलेल्या भगदाडापासून शाळेच्या गळक्या छपरापर्यंत कोणत्याही गोष्टीला धनी सापडत नाही, तिथे एक मनुष्य आपली चूक दोन्ही हातांनी पुढे करून उभा होता आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हते. मी बोलू शकले असते. खिळा लागल्यावर सीरम दिले नसते तर धनुर्वाताने ती त्याआधीच गेली असती, तेव्हा त्यांचे गणित चुकले नव्हते, दैव चुकले होते, हे वाक्य माझ्याजवळ पूर्ण तयार होते. मी ते घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, बाई, रोह्याला चला, रक्त मी काढीन, पण तुम्ही नुसत्या उभ्या राहा, तुमच्याजवळ छापील कागद असतो. एस.टी.ने वडखळ, नागोठणे करत आम्ही रोह्याला पोहोचलो तेव्हा उन्हाचा कडाका होता. बिजली शेठच्या अंगणात नव्हती. ती अष्टमी गावाकडच्या पुलाजवळच्या एका हॉलसमोर होती, डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल, आणि बँडवाले घाम पुसत वाजवत होते. नवरा मुलगा शेला सावरत रिकिबीशी उभा होता. एका कंपनीत शिफ्टला जाणारा तो सडपातळ तरुण त्या पोशाखात चुकून अडकल्यासारखा दिसत होता.

बिजलीने जांभई दिली. एरवी गर्दीत कोणाच्या लक्षातही आले नसते. डॉक्टर सरळ बँडमधून चालत पुढे गेले आणि घोडीसमोर उभे राहिले. ताशा थांबला. प्रथम सगळ्यांना ते दारू प्यायलेले वाटले, कारण वरातीत मधेच शिरणाऱ्या माणसाचे आपल्याकडे तेच एक स्पष्टीकरण असते. शेठ गर्दीतून धावत आले. डॉक्टरांनी बिजलीचा ओठ वर करून हिरडी दाखवली आणि म्हटले, हिच्यावर कोणी बसायचे नाही. हिला मी टोचलेल्या सीरममधून आजार झाला आहे, पेणची घोडी काल त्यानेच गेली.

शेठ हुशार होते. ते डॉक्टरांशी बोललेच नाहीत. ते माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या हाव. तुम्ही सांगा, हाय का घोडीला कावीळ?”

शंभर-दीडशे माणसे माझ्याकडे पाहत होती आणि वर ड्रोनही होता. मी म्हणाले की रक्त तपासल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही. वाक्य शास्त्रशुद्ध होते. माझ्या शिक्षकांना अभिमान वाटला असता. शेठनी हात पसरून जमावाला ते पुन्हा ऐकवले, आणि नवऱ्याच्या मामाने डॉक्टरांचा दंड धरला.

डॉक्टर मामांकडे पाहतही नव्हते. त्यांनी मोकळ्या हाताने नवऱ्या मुलाच्या डोळ्याची पापणी ओढली.

“फिका आहेस,” ते म्हणाले. “पण चालता येईल तुला. ही घोडी उन्हात आंधळी झाली तर तुला घेऊन त्या पुलाच्या कठड्यावर जाईल. मी हिला आजारी केलंय. मला माहीत आहे.”

नवरा मुलगा घोडीकडे पाहू लागला. घोडीने पुन्हा जांभई दिली.

“मामा, मी चालत येतो,” तो हळूच म्हणाला. “मला तशी पण घोड्याची भीतीच वाटते.”

सत्याचा विजय झाला असे मला नंतर वर्णन करायला आवडले असते. खरे म्हणजे एका तरुणाच्या भित्रेपणाचा झाला, आणि त्या भित्रेपणाशी मी पूर्ण सहमत होते. वरात पायी गेली. बिजलीला हॉलमागच्या आंब्याखाली नेऊन डॉक्टरांनी रक्त काढले. संध्याकाळी मी आकडे काढले, ते निरोगी घोडीच्या तिप्पट होते, पण चांदणीइतके नव्हते. दोन महिने ती सावलीत बांधलेली राहिली. वाचली. पुढच्या हंगामात तिच्यावर बसून किती नवरे संसाराला लागले, याची मोजदाद माझ्याकडे नाही.

शेठनी आभार मानले नाहीत, पण डॉक्टरांची एक जुनी इच्छा त्यांनी पूर्ण केली. चूक डॉक्टरांची होती, हे अखेर एका माणसाने मान्य केले, आणि पेणपासून माणगावपर्यंत सर्वत्र मान्य केले. या डॉक्टरच्या सुईने घोडी मरते, हे ऐकून एकेक मालक यायचा थांबला. मी समजत होते की ते खचतील. त्यांनी वहीचे कोरे कागद फाडून आपल्या वळणदार अक्षरात एक सूचना लिहिली. घोड्याला धनुर्वाताची लस आधीच टोचून घ्यावी, चार आठवड्यांनी पुन्हा एकदा घ्यावी, मग वर्षाकाठी. म्हणजे खिळा लागला तरी दुसऱ्याच्या रक्ताचे सीरम द्यावे लागत नाही. लस मोफत, रामवाडी, सकाळी आठ ते बारा. असे चाळीस-पन्नास कागद त्यांनी बँडवाल्यांच्या आणि मांडववाल्यांच्या दुकानांवर स्वतः चिकटवले. एका दुकानदाराने त्यावर लगेच ‘आतषबाजी मिळेल’ असा फलक लावला.

मग ते रोज सकाळी आठ ते बारा खुर्ची टाकून अंगणात बसू लागले. लशीच्या कुप्या शीतपेटीत असत. कोणी आले नाही. कधी मी त्यांना भेटायला जायची तेव्हा ते मला लोकांची बाजू समजावून सांगत. घोडी धडधाकट आहे, खाते आहे, चालते आहे. तिला कोण कशाला सुई टोचेल? काही झालेले नसताना डॉक्टरकडे जाणे म्हणजे आजाराला पत्ता कळवणे. पूर्ण पावसाळा गेला, गणपती रंगून विकले गेले, दिवाळी गेली. चाळीस वर्षांच्या नोकरीत ते जेवढे एकटे नव्हते तेवढे त्या अंगणात होते, आणि बारा वाजल्याशिवाय उठत नव्हते.

तुळशीचे लग्न होऊन चार दिवस झाले होते. मी त्यांना भेटायला गेले होते, दहा वाजले असतील. फाटकातून बाळाराम आत आला. त्याने मेव्हण्याच्या मदतीने दुसरी घोडी घेतल्याचे माझ्या कानावर आले होते. ती त्याच्या मागोमाग चालत होती. तांबूस रंगाची, अंगाने अजून भरलेली नव्हती. खारेपाटातून तो तिला चालवत घेऊन आला होता, पायांना चिखल होता.

डॉक्टर झटकन उठले. तिन्हीत्रिकाळच्या सवयीने त्यांनी पहिल्यांदा चारी पाय पाहिले.

“काय झालं हिला? खिळा?”

“नाय.”

“खात नाही?”

“खातंय की. लय खातंय.”

“मग आणलीस कशाला?”

बाळारामने दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो माझ्याकडे पाहून किंचित संकोचला, मग डॉक्टरांकडे पाहत म्हणाला, “तवा तुमी बोलला ना, सुई तुमची व्हती म्हणून. ता मी घरी बसून इचार केला. मग आता ती दुसरी टोचा. आधीची. उद्यापासून लग्ना हायेत.”

डॉक्टरांनी शीतपेटी उघडली, कुपी काढली, सुई भरली. मग ते घोडीजवळ गेले आणि तसेच उभे राहिले. तिला जखम नव्हती, ताप नव्हता, डोळे लख्ख होते, हिरड्या गुलाबी होत्या. काहीही न झालेले जनावर कोणी त्यांच्या दारात आणलेले त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले असावे. हात वर नेऊन ते बराच वेळ थांबले, कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना.